विसाव्यातले दगड

एक गाव होतं, सातवेस. त्याला सात वेशी होत्या म्हणून सातवेस. पुढं गाव इतकं फुगलं की वेशी आत राहिल्या आणि घरं बाहेर गेली, तरी नाव तेच राहिलं. या गावाच्या ऐन मध्यावर झाडांचं एक मोठं रान राखलेलं होतं. चिंचा, करंज, बकुळी आणि कडुनिंब. त्याला सगळे विसावा म्हणत.

विसावा कुणा एकाचा नव्हता. वेशींतून माल वाहून आणणारे हमाल, मोळ्या विकणाऱ्या बाया, वाट चुकलेले प्रवासी, सुनेशी भांडून घराबाहेर पडलेल्या सासवा आणि सासूशी भांडून बाहेर पडलेल्या सुना, सगळे दुपारी तिथं येऊन टेकत. सासू आणि सून एकाच झाडाखाली आल्या तर पाठीला पाठ लावून बसत, पण बसत.

सातवेशीत एक रीत होती. माणूस म्हातारा झाला, आता आपल्याच्यानं ओझं उचलवत नाही असं त्याला वाटलं, की तो एक शेवटचं ओझं उचलायचा. उत्तरेच्या टेकडीवरून एक सपाट दगड डोक्यावर घेऊन यायचा आणि विसाव्यातल्या आपल्या आवडीच्या झाडाखाली ठेवायचा. तो त्याचा दगड. मग उरलेलं आयुष्य त्यानं दुपारी त्यावर बसायचं. तो गेला तरी दगड तिथंच राहायचा. दुसऱ्यानं त्यावर बसायला हरकत नव्हती, पण आधी विचारायचं, “बसू का?” एक श्वास थांबायचं आणि मग बसायचं. दगड काही बोलत नसत. तरी विचारायचं.

आणि एकदा कुणी बसलं, की त्याला उठवायचं नाही. हे गावातली पोरं पाळण्यातच शिकत. त्यामुळं सातवेशीत कुणी कुणाच्याही दारात येऊन “बसू का?” म्हणालं, की आतून उत्तर यायचं, “बसा की.” वैरी आला तरी हेच. ‘नको’ म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

तर या गावात सटवाजी नावाचा एक गवंडी होता. निम्मं गाव त्याच्या हातचं. स्वतः मात्र तो एका बोळात, एका खोलीत राहायचा. खोलीच्या मागून रंगाऱ्यांचा नाला जायचा आणि भिंती बारा महिने ओल्या असायच्या. त्या ओलीनं त्याच्या बायकोचे, भिवराचे, गुडघे धरले होते. दहा वर्षांत तिला मांडी घालून बसता आलं नव्हतं. भाकरी थापायची तीही भिंतीला टेकून, उभ्यानं. एक उन्हाचं अंगण असतं तर ही बरी झाली असती, असं सटवाजीला रोज वाटायचं. त्याला दुसरं काही नको होतं.

बोळांत अशी माणसं पुष्कळ होती. गावाला घरं हवी होती, यात खोटं काही नाही. आणि घरांसाठी जागा दोन होत्या. एक उत्तरेची टेकडी. ती खडकाळ, पाणी खालून चढवायचं, खडक फोडता फोडता वर्षं जायची. दुसरी जागा विसावा. सपाट, गावाच्या मधोमध, शेजारी विहीर.

गावाचा कारभार त्र्यंबकशेट नावाच्या नगरशेटाच्या हातात होता. त्यानं सटवाजीला विसाव्यात बोलावलं. सकाळची वेळ होती.

“निम्मा विसावा मोकळा करायचा. तीस घरं बांधायची,” नगरशेट म्हणाला. “मधलं मोठं घर माझं. एक तुझं. पूर्वेला तोंड, अंगणात दिवसभर ऊन.”

सटवाजीनं पूर्वेकडं पाहिलं. तो म्हणाला, “पर दगड, शेट? खान लांब हाय.”

“आयते पडलेत की नऊशे.” नगरशेटानं झाडांखाली हात दाखवला.

“त्ये दगड मानसांचे हायेत, शेट.”

“माणसं? कुठं आहेत माणसं?”

सटवाजीनं पाहिलं. सकाळी विसाव्यात कोण येणार? झाडांखाली सपाट दगड होते, त्यांवर कोवळं ऊन होतं आणि चिमण्या होत्या. चिंचेखाली त्याच्या बापाचा दगड होता. लिंबाजी हमालाचा. सटवाजीला भिवराचे गुडघे आठवले.

“न्हाईत,” तो म्हणाला.

झाडं पडली. नऊशे दगड उचलले गेले. पायात, भिंतीत, पायऱ्यांत, जिथं बसेल तिथं बसवले. उचलताना कुणी कुणाला काही विचारलं नाही. बापाचा दगड मात्र सटवाजीनं दुसऱ्याच्या भिंतीत जाऊ दिला नाही. तो त्यानं आपल्या घराच्या उंबऱ्याला बसवला. उंबऱ्याची तर पूजा होते. आपण बापाला टाकलं नाही, घरी आणलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते त्याला पटलंही.

नव्या घरात भिवरा अंगणात उन्हाला बसू लागली. पंधराव्या दिवशी तिनं मांडी घातली. घातली आणि रडली. सटवाजीही ओट्यावर बसून रडला, आणि दोघं एकमेकांना हसली. इतकं सुख त्या दोघांना कधी झालं नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. दुपार टळटळीत होती. सटवाजी जेवत होता, भिवरा चुलीपाशी पीठ मळत होती. दाराबाहेर धप्प आवाज झाला. भरलेलं पोतं कुणी जमिनीवर टाकावं तसा. मग एक कोरडा, दमलेला आवाज आला.

“बसू का?”

“बसा की,” भिवरा वर न बघता म्हणाली.

मग तिनं वर पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण कोपऱ्यातली धूळ दबली, आणि डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर माणूस सोडतो तो लांब सुस्कारा दोघांनी ऐकला. नंतर काही नाही.

दुसऱ्या दिवशी दोन आवाज आले, तिसऱ्या दिवशी पाच. दर वेळी भिवराच्या किंवा सटवाजीच्या तोंडून “बसा की” निघून जायचं. जन्माची सवय ती, जीभ विचार करायला थांबायची नाही. शेजारीही तसंच चाललं होतं, आणि त्याच्या शेजारीही. तीसही घरांत दुपारी कुणीतरी विचारत होतं आणि घरची माणसं हो म्हणत होती.

“आपुन त्यांना इचारायचो,” भिवरा हळूच म्हणाली, “आता त्ये आपल्याला इचारत्यात.”

घरं भरत चालली. दिसायचं काही नाही. पण हंडा ठेवायला जावं तर टेकायचा नाही. चालताना पोटरीला कुणाचा तरी गुडघा लागायचा. एका घरात पाळणा झुलेनासा झाला, कारण दोन्ही बाजूंना कुणी टेकून बसलेलं होतं. कुणी भांडी पाडली नाहीत, कुणी किंचाळलं नाही, कुणाच्या अंगात आलं नाही. ते नुसते बसले होते. आणि बसलेल्याला उठवायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मग सावल्या आल्या. दुपारी फरशीवर चिंचेची सावली पडायची. बारीक बारीक पानांची, हलणारी. वर छप्पर होतं, बाहेर झाड नव्हतं, तरी सावली होती, आणि ती गार होती. सटवाजीच्या अंगणात ती सगळ्यांत दाट. त्याच्या बापाची चिंच पूर्वी तिथंच उभी होती ना, आता नुसता बुंधा होता. भिवरा उन्हाला म्हणून बसायची आणि तिच्या मांडीवर पानं हलत राहायची. महिन्याभरात तिचे गुडघे पुन्हा धरले.

लोकांनी गावातला देवऋषी बोलावला. तो मोठ्या ऐटीत मोरपिसांचा कुंचा घेऊन आला. घरच्या माणसांना बाहेर काढून एका रिकाम्या घराच्या दारात थांबला आणि आत पाऊल टाकण्याआधी, सवयीनं, म्हणाला, “बसू का?”

रिकाम्या घरातून वीसपंचवीस आवाज एकदम म्हणाले, “बसा की.”

देवऋषी गेला तो थेट वेशीबाहेर. त्याच्या वहाणा त्या दारात कितीतरी दिवस पडून होत्या.

नगरशेट मात्र घाबरणारा नव्हता. त्यानं तीस घरची माणसं जमवली. “चूक तुमचीच आहे,” तो म्हणाला. “तुम्ही बसा म्हणता म्हणून ते बसतात. उद्यापासून कुणी बसा म्हणायचं नाही. मी काय म्हणतो ते ऐका आणि तसंच म्हणा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मोठ्या दारात धप्प आवाज झाला. सगळी आळी कान देऊन उभी होती.

“बसू का?”

“नको,” नगरशेट म्हणाला. “जागा नाही.”

सातवेशीत ‘बसू का?’ला असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं. काही घडलं नाही. वीज पडली नाही की भिंत खचली नाही. लोकांनी श्वास सोडला, आणि संध्याकाळपर्यंत एकोणतीस घरांतून ‘नको’ म्हणून झालं. एकट्या भिवराची जीभ वळली नाही.

त्या दिवसापासून धप्प आवाज थांबला. पोती खाली ठेवली जाईनात. दारादारांत कुणीतरी उभं राहू लागलं. या पायावरून त्या पायावर भार घेतल्याचा आवाज यायचा. ओझ्याखाली दाबला गेलेला श्वास यायचा. कोरड्या उन्हात पायऱ्यांवर घामाचे थेंब पडायचे आणि वाळायचे, पुन्हा पडायचे. आत बसलेले होते तेही उठले. ते गेले मात्र नाहीत. जागच्या जागी उभे राहिले, खोल्याखोल्यांतून, दाटीनं. दुपारी जरा डोळा लागून उघडला, की चारी बाजूंनी कुणी वाकून बघतंय असं वाटायचं. पोरांनी खेळणं सोडलं. मोठी माणसं घरात बोलताना आवाज खाली घेऊ लागली.

नगरशेट म्हणाला, “बसलेले उठले ना? मग झालं तर!” आणि त्यानं उरलेला निम्मा विसावा तोडायचा हुकूम दिला. सोमवारी सटवाजीनं पहार घेऊन यायचं, असं ठरलं. आणि जाता जाता तो सटवाजीला म्हणाला, “तुझ्या घरी अजून बसा म्हणतात असं ऐकतो. तुझ्यामुळं आळीला त्रास नको. उद्या नको म्हण, नाहीतर घर सोड.”

सटवाजी घरी आला. “उद्या म्या बोलीन,” तो भिवराला म्हणाला. “तू गप ऱ्हा.”

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. सटवाजी दारात जाऊन उभा राहिला. पाठीमागं त्याचं घर होतं, त्याच्या हातचं, त्याचं स्वतःचं पहिलं. समोर उन्हानं पांढरी पडलेली वाट होती. वाटेवर पावलं वाजली. एक पाऊल पडायचं आणि एक घासत यायचं. पडायचं, घासत यायचं.

सटवाजीनं ती चाल ओळखली. त्याच्या बापाच्या डाव्या पायावर गुळाची ढेप पडली होती. तो पाय तो जन्मभर ओढत चालला.

पावलं उंबऱ्यापाशी थांबली. गोणपाटाचा आणि गुळाचा वास आला.

“बसू का रं?”

सटवाजीचं तोंड उघडलं. ‘नको’ हा शब्द ओठावर आला होता. दोन अक्षरं. म्हटलं की घर त्याचं, अंगण त्याचं. त्यानं खाली पाहिलं. उंबऱ्याच्या दगडावर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा.

“अवं, बोला की,” मागून भिवरा म्हणाली. “मामंजी उभं हायेत.”

लिंबाजीनं चाळीस वर्षं लोकांची ओझी वाहिली होती. हा एक दगड त्यानं स्वतःसाठी वाहिला होता, एका पायानं लंगडत, टेकडीवरून, शेवटी कुठंतरी बसता यावं म्हणून. आता त्याला बसा म्हणावं, तर बसायचा दगडच पोरानं दारात पुरला होता. हे सटवाजीला त्या क्षणी कळलं, आणि आपण सकाळच्या उन्हात विसाव्यात उभे राहून ‘न्हाईत’ म्हणालो होतो, तेही आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“आबा,” तो म्हणाला, “जरा दम धरा. तुमचा दगड काढून देतो.”

त्यानं पहार आणली आणि आपल्याच घराचा उंबरा उखडला. चौकट कलली, मग भिंतीतून सुटली, मग दार अंगणात आडवं पडलं. त्यानं तिकडं पाहिलं नाही. दगड डोक्यावर घेतला आणि अंगण ओलांडून चिंचेच्या बुंध्याकडं चालू लागला. आळीतली माणसं दारांत आली. सटवाजी एकटा चालत होता आणि त्याच्या मागून एक पाय घासत होता. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्यानं दगड बुंध्याशी ठेवला, हातानं पुसला आणि बाजूला झाला. धप्प झालं. मग तो लांब सुस्कारा. त्या सुस्काऱ्यानं आळीतल्या काही बायकांनी तोंडाला पदर लावले.

सटवाजी थांबला नाही. तो परत गेला आणि भिंत फोडू लागला. एकेक दगड काढून मोकळ्यावर नेऊन ठेवू लागला. नगरशेट धावत आला.

“वेडा झालास का? तुझं घर आहे ते!”

“घर माझंच हाय, शेट. पर दगड माझं न्हाईत. जागाबी न्हाई.”

“मग लोकांनी राहायचं कुठं?”

“टेकडीवर. खडक फोडतो आनि बांधतो. निम्मं गाव बांधलंय, आजून निम्मं बांधीन. विसाव्यात आता माझी पहार लागायची ती दगड काढायला. झाडाला न्हाई.”

सोमवारी दुसरा कुणी गवंडीही आला नाही, लाकूडतोड्याही आला नाही. उरलेली झाडं उभी राहिली. पाळणा झुलेनासा झाला होता त्या घरातल्या माणसानं सटवाजीची पहार मागून नेली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. पावसाळ्याच्या तोंडावर एकोणतीस घरं उतरली होती, आणि पडलेल्या झाडांच्या जागी रोपं लागली होती.

टेकडीवरची घरं व्हायला सात वर्षं लागली. त्यातली तीन वर्षं भिवरा पुन्हा त्याच ओल्या खोलीत राहिली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण उठताना ती भिंत धरायची आणि सटवाजी मान फिरवायचा. हे वाईटच होतं, आणि त्याला गोड नाव देता येत नाही. चौथ्या वर्षी तिला टेकडीवर उन्हाचं अंगण मिळालं. ते तिच्या नवऱ्यानं फोडलेल्या दगडाचं होतं. तिथं दुपारी नुसतं ऊन पडायचं.

नगरशेटाचं मोठं घर तेवढं विसाव्यात उरलं. त्यानं ते सोडलं नाही. पण तो बसायला जायचा आणि तिथं आधीच कुणी उभं असायचं. गादीवर, झोपाळ्यावर, पायरीवर. तो उभ्यानं जेवू लागला, भिंतीला टेकून झोपू लागला. दोन वर्षांनी एका दुपारी लोकांनी पाहिलं, तो आपल्या दारातली पायरी डोक्यावर घेऊन येतोय. जन्मात कधी ओझं न उचललेला माणूस, मान लटलटत होती. त्यानं दगड एका रोपाशी ठेवला. “बसू का?” म्हणाला. एक श्वास नाही, चांगला तासभर उभा राहिला. मग बसला. त्याला कुणी हाक मारली नाही आणि कुणी उठवलंही नाही. रीत ती रीत. पुढल्या महिन्यात सटवाजीनंच त्याचं घर उतरवलं.

सटवाजी म्हातारा झाला तेव्हा त्यानंही टेकडीवरून आपला दगड आणला. चिंच बुंध्यातून पुन्हा फुटून चांगली पुरुषभर उंचीच्या वर गेली होती. एवढ्या वर्षांत तो बापाच्या दगडावर एकदाही बसला नव्हता. त्याचा धीरच झाला नव्हता. त्यानं आपला दगड शेजारी ठेवला, पण दोन्ही दगड इतके लागून होते की बापाला न चेपता बसता आलं नसतं. तो तसाच उभा राहिला.

“बसू का, आबा?”

एक श्वास गेला. उत्तर आलं नाही. विसाव्यात कधीच येत नसे.

पण मातीवरून एक पाय घासल्याचा आवाज झाला, कुणी बाजूला सरकावं तसा. सटवाजी आपल्या दगडावर बसला.

तात्पर्य: सगळ्यांची जागा रिकामी दिसली तरी रिकामी नसते. आधी बसून गेलेले आणि पुढं बसायला येणारे, दोघांचीही ती असते. आपल्या घराची गरज कितीही खरी असली, तरी ते त्यांच्या विसाव्यावर बांधू नये.